ओल्या रंगावरचा अंगठा

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होते. तिथे केरबा नावाचा ट्रकवाला राहायचा. गाडी चालवण्यात पटाईत, पण थांबणे म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हते. चहा उकळायच्या आत कप पुढे करायचा आणि जीभ पोळली की चहाला नावे ठेवायचा.

एकदा घाटात समोरून बस आली. केरबा जरा मागे सरला असता तर काही बिघडले नसते. पण हा घुसलाच. गाडीच्या दाराखालची पत्र्याची पट्टी कड्याला घासली, वाकली आणि तिच्या रंगाचे पापुद्रे निघाले.

नेमके त्याच आठवड्यात गुळाचे व्यापारी शिवलिंगअण्णा गाडी ठरवायला येणार होते. त्यांची रीत अशी, की आधी गाडी डोळ्यांनी पाहायची, मग बोलायचे. हे काम मिळाले असते तर केरबाला लांबच्या फेऱ्या सोडून हंगामभर रोज घरी जेवता आले असते. त्याच्या बायकोला, सगुणाला, तेच हवे होते.

दोघांनी अंगणातच काम काढले. केरबाने हातोडीने पट्टी सरळ केली. सगुणाने पॉलिश पेपरने गंज घासून काढला, खळगे लेपाने बुजवले. त्यावर तांबडा प्रायमर आणि शेवटी हिरवा ऑइलपेंट. पट्टी पुन्हा नव्यासारखी दिसू लागली.

"आता हिला हात लावू नका. उद्या अण्णा येईस्तोवर वाळंल," सगुणा म्हणाली.

हात न लावणे! दुसरे कोणतेही काम सांगितले असते तर केरबाने आनंदाने केले असते. तो ओट्यावर बसला, उठला, गाडीला फेरी मारून आला. फुंकर घातली. पुठ्ठ्याने वारा घातला. शेवटी सगुणा पाण्याला गेलेली पाहून त्याने हळूच अंगठा टेकवला. रंग ओलाच होता. ठसा उमटला.

ठसा झाकायला त्याने वरून ब्रश फिरवला. मग तो रंग वाळला का, हे पाहायला पुन्हा अंगठा, आणि पुन्हा ब्रश.

सगुणा परतली. "हे कुणी केलं?"

"कोंबडी उडाली असंल."

कोंबडीला एवढा रुंद अंगठा नसतो हे सगुणाला कळत होते. ती घागर घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. केरबाने सकाळीच पट्टीवर रंगाचा आणखी एक हात दिला होता. चहा आणायला आत जाताजाता त्याने सवयीने अंगठा लावलाच.

अण्णा पट्टीसमोर उकिडवे बसले. केरबा चहा घेऊन येताच त्यांनी विचारले, "हा अंगठा कुणाचा हो?"

सगुणा दारातच उभी होती. पण केरबाची जीभही त्याच्यासारखीच उतावळी. "बायकोचा. सांगून ऐकतच न्हाई."

सगुणाने मान खाली घातली.

अण्णांनी कप हातात घेतला. पांढऱ्या कपावर हिरवा अंगठा उमटला होता. त्यांनी कप पाहिला, पट्टी पाहिली, आणि चहा न पिताच कप ओट्यावर ठेवला.

"रंग ओला हाय म्हणून माझं काय अडलं नव्हतं. दोन दिसांनी परत आलो असतो. पण उद्या माझा गूळ वाटंत भिजला, तर तुम्ही कुणाचं नाव सांगणार?"

अण्णा निघून गेले. काम दुसऱ्याच गाडीला मिळाले.

केरबा अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. काम गेल्याचे दुःख होतेच, पण सगुणाची खाली गेलेली मान त्याला सुखाने उभे राहू देईना. शेवटी तो तिच्यापुढे आला.

"माझाच अंगठा होता. कालपासनं माझाच."

"ठावं हाय मला."

"मग कालच का बोलली न्हाईस?"

"तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबले. मला थांबता येतं."

केरबा मटकन ओट्यावर बसला. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तो उठला नाही. समोर पट्टी तिची ती वाळत राहिली.

तात्पर्य: उतावळेपणाने बिघडलेले काम पुन्हा करता येते, पण आपला डाग घरच्या माणसाच्या नावावर टाकला, तर तो कोणत्याच रंगाने झाकला जात नाही.