तीन वार न झालेली पाटी

माडवेळच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव तुम्ही आता पाहिलात. पहिली पाटी रिकामी होती, हेही पाहिले असेल. पुकारणाऱ्या बाईने समुद्राकडे तोंड करून तिचा भाव पुकारला, 'एक वार, दोन वार' म्हटले आणि ती गप्प झाली. बाकीचा बाजार विकला गेला, ती पाटी तिथेच आहे. असे का, ते मला माझ्या आत्याने सांगितले, तिला तिच्या सासूने. सासू खोटे बोलत नसे. खोटे बोलायचे खाते आमच्या घरात माझ्याकडे आहे.

फार पूर्वी हे गाव नारळ, सुंभ आणि खारवलेल्या मासळीवर जगत असे. अरबांची गलबते खाडीत नांगर टाकत. त्यांचा खजूर उतरला, की आमचा सुका बांगडा चढत असे. खाडीच्या तोंडाशी मात्र मगरकातळ आहे. भरतीला त्याच्यावरून होडी सहज जाते. ओहोटीला तो होडीचा तळ सोलून काढतो.

एका सकाळी धुके आले. इतके दाट, की म्हणे कावळे चालत घरी गेले. सात होड्या बाहेर होत्या आणि भरती उतरायला तासभर उरला होता.

बायका किनाऱ्यावर धावल्या आणि त्यांनी आपापल्या नवऱ्यांना नावाने हाका मारल्या. तिथेच चुकले. धुक्यात समुद्र माणसाला नावाने हाक मारतो आणि ओ दिली की तो माणूस गेला, हे इथे प्रत्येकाला लहानपणीच शिकवतात. त्यात, एरवी उखाण्याशिवाय नाव न घेणारी बायको आज उघड नाव घेते, म्हणजे ती बायको नव्हेच. होड्यांवरच्या माणसांनी ओठ घट्ट मिटले आणि वल्ही उलटी मारली. वल्ह्यांचा आवाज दूर दूर जाताना किनाऱ्यावर ऐकू येत होता.

लिलाव पुकारणारी चांगुणा तिथेच होती. तिचा नवरा गोमा नाखवा सातव्या होडीवर. तिने सगळ्यांना गप्प केले.

"नावं नका घेऊ गो," ती म्हणाली. "भुताला नाव ठाऊक असतं. मासळीचा भाव नसतो ठाऊक."

मग रिकामी पाटी पुढे ठेवून ती पुकारू लागली. सुरमईची पाटी, चार आणे. धुक्यात काही हलले नाही. तिने भाव पाडला. दोन आणे.

"कोन गो ती?" धुक्यातून कोणी तरी ओरडले. "आमची सुरमय दोन आन्याला?"

तिने एक आणा केला. वल्ही पाण्यावर आपटू लागली. होड्या एकेक करून भांडायला म्हणून किनाऱ्याला लागल्या. सहा आल्या. सहावीचा तळ कातळाला घासला, तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

गोमा आला नाही. पाणी उतरत होते. लोक हलक्या आवाजात म्हणू लागले, पुरे कर आता. चांगुणाचा घसा बसला होता. तरी ती म्हणाली, "सुरमय फुकट. एक वार. दोन वार." आणि थांबली. तीन वार म्हटले की पाटी गेली, मग आणणाऱ्याची वाट कोण पाहणार? तीन म्हणण्याइतका वेळ गेला, मग तीसदा म्हणण्याइतका. ती पुन्हा म्हणाली, "दोन वार." पुन्हा, "दोन वार." किती वेळा, ते कोणी मोजले नाही. कातळाचे टोक पाण्यावर यायच्या बेताला होते.

तेव्हा कातळाच्या पलीकडून बारीकसा आवाज आला, असे सांगतात.

"थांब गो. तीन म्हनू नको."

कातळावर तळ सोलून घेत सातवी होडी कशीबशी आत आली. गोमा उतरला तो थेट पाटीपाशी आला. "कुनाला दिलीस?"

"कुनालाच नाय," चांगुणा म्हणाली आणि तिथेच वाळूत बसली.

आता होड्यांवर वायरलेस आहे, किनाऱ्यावर बर्फाचा कारखाना आहे, मुंबईला जाणारे ट्रक रांगेत उभे आहेत. पण आजही पहिली पाटी रिकामी ठेवतात, आणि शेवटची होडी लागेपर्यंत 'तीन वार' कोणी म्हणत नाही. तोवर एक ट्रक हलत नाही. तुमची गाडी त्यांच्या मागे अडकली आहे, ठाऊक आहे मला. बसा जरा, आणि हळू बोला. पंचवीस होड्या लागल्या. सव्विसावी यायची आहे.