मिशीवर जाणारा हात

“मिशीचा आणि सायकलीचा संबंध काय, महाराज?”

“तेच तर मी विचारतोय. काय संबंध?” रेवणपुरी महाराज म्हणाले आणि वाटाण्याची पुढची शेंग सोलायला लागले.

इंद्रजित खरमाट्याच्या डोक्यात तिडीक उठली. सकाळपासून महाराज त्याचाच प्रश्न त्याच्याच गळ्यात बांधत होते. असला गुरू करण्यापेक्षा म्हशीला विचारलेलं बरं. ती निदान शेपूट तरी हलवते.

भानगड अशी होती. निमजगावच्या जत्रेत हळू सायकलीची शर्यत लागते. सगळ्यांत शेवटी रेघ ओलांडेल तो पहिला. मध्ये पाय टेकला की बाद. आळशी माणसाला आशा वाटावी अशी जगातली ही एकच शर्यत, पण आळशी माणूस तिथवर जायचाही कंटाळा करतो, त्याला कोण काय करणार?

इंद्रजितचं दर जत्रेला तेच. बाकीचे कुणी बाद व्हायचे, कुणी पुढं निसटून जायचे. हा एकटा मागं उरायचा. रेघ हातभर राहायची. लोक ओरडायचे, “मारली! इंद्रानं मारली!”

आणि याचा उजवा हात हँडल सोडून मिशीवर जायचा. एकच पीळ... की पाय जमिनीवर.

त्या मिशीवर लिंबू राहायचं, सायकलीवर मालक राहायचा नाही.

आज पुन्हा जत्रा. शर्यत दुपारी. मठ वाटेतच, म्हणून इंद्रजित बापाला कॅरिअरवर घालून आधी इकडं आला होता. बाप म्हणजे आप्पा. ते ओट्यावर बसून तंबाखू मळत होते, तीही हातानं चाचपून. आप्पांची नजर चालली होती. डॉक्टरनं सांगून टाकलं होतं, पुढच्या जत्रेपर्यंत उजेड आणि अंधार एवढंच कळेल.

“यंदा जिंकलंच पाहिजे, महाराज,” इंद्रजित म्हणाला. “आप्पांना बघायचंय.”

“काय बघायचंय?”

“मी जिंकलेला.”

“त्यांनी सांगितलं तसं?”

इंद्रजित सायकलीची घंटी पुसायला लागला.

“मला मध्ये घेऊ नका,” ओट्यावरून आप्पा म्हणाले. “मला कोण विचारतंय!”

महाराज उठले. धुनीतली मूठभर राख घेतली, अंगणात आडवी रेघ ओढली.

“चालव.”

इंद्रजितनं चालवली. मुंगीनं वाट मागावी इतकी हळू. चाक डोलत होतं, पडत नव्हतं. रेघ हातभर राहिली...

“मारली रे मारली! इंद्रानं मारली!” महाराज केवढ्यानं ओरडले! कळसावरची कबुतरं उडाली.

हात मिशीवर. पाय जमिनीवर.

“तुम्ही ओरडलात म्हणून!”

“जत्रेत काय लोक मौन पाळतात?”

महाराज आत गेले, वस्तरा घेऊन आले. “बस.”

“मिशी? महाराज, अहो माझी ती... लग्नाआधीपासूनची...”

“आप्पांना बघायचंय ना?”

इंद्रजित बसला. डोळे मिटून घेतले. महाराजांनी पाण्याचा हात फिरवला आणि दोन फटक्यांत खरमाट्यांची शान मठाच्या अंगणात उतरवली. आप्पा वाकून वाकून बघत होते. “अरे, हा तर आपल्या धुरपाआत्यावर गेलाय!” ते म्हणाले आणि खोकला लागेपर्यंत हसले.

“चालव.”

चालवली. रेघ हातभर राहिली. महाराज बोंबलले.

हात ओठावर. तिथं काहीच नाही. तरी बोटांनी पीळ दिला...

पाय जमिनीवर.

महाराजांनी वस्तरा उघडला, इंद्रजितभोवती एक फेरी मारली, त्याला खालून वर न्याहाळलं.

“आता काय भादरू?”

झालं. इंद्रजितनं सायकल उचलली, टांग टाकली आणि निघाला. रागाच्या भरात बाप ओट्यावरच राहिला, तेही ध्यानात नाही.

मठाच्या दाराकडं जाणारा बोळ अरुंद. दोन्ही अंगांना दगडी गडगा. आणि त्या बोळात महाराज पुढं होऊन चालायला लागलेले. म्हातारं पाऊल. एक टाकायचं, थांबायचं, मग दुसरं.

“वाट सोडा, महाराज.”

“जातोय की.”

“जाताय कुठं? उभे आहात!”

“तुला घाई आहे?”

“घाई? शर्यत आहे माझी!”

“हळू जायची ना?”

“गुरू म्हणून आलो तुमच्याकडं! एक शब्द धड शिकवला नाहीत. विचारावं तर उलट विचारताय. वाटाणे सोलताय. माझी मिशी खाल्लीत! आता गावात काय तोंड दाखवू? बायको घरात घेणार नाही!”

“घेईल. पाहुणा म्हणून घेईल.”

“चेष्टा करताय? इकडं माझ्या बापाचे डोळे चाललेत आणि तुम्हाला...”

महाराज थांबले. तळपायात काटा गेला असावा. गडग्याला टेकले, पाय गुडघ्यावर घेतला आणि सावकाश काटा शोधायला लागले. इंद्रजितचं पुढचं चाक त्यांच्या धोतराला टेकायला आलेलं. पण याचं तोंड थांबेना. महाराजांना, मठाला, वाटाण्यांना, शर्यत काढणाऱ्यांना, सायकल विकणाऱ्यालासुद्धा त्यानं धुऊन काढलं.

काटा निघाला. महाराजांनी तो नखावर ठेवून उन्हात बघितला. मग दुसऱ्या पायात शोधायला लागले.

“इंद्रा.”

हाक मागून आली. आप्पा चाचपडत बोळाच्या तोंडाशी येऊन उभे होते. डोळ्यांवर हात धरलेला.

“काय?” इंद्रजित वळून न बघताच खेकसला.

“पुरे बाबा. दिसलं मला.”

“काय दिसलं?”

“मीही तरणेपणी मारल्यात या शर्यती, पण सायकलीवर एवढा वेळ उभा नव्हतो राहिलो कधी.” आप्पांचा आवाज जरा ओला लागला. मग लगेच त्यांनी बाजूला पिंक टाकली. “चल, घरी सोड मला. जत्रेत धुरळा फार.”

इंद्रजितनं खाली बघितलं. दोन्ही पाय पायडलांवर. सायकल जागच्या जागी. राखेची रेघ कुठं मागं राहिलेली...

“म्हणजे... जमलं?”

पाय जमिनीवर.

कुणीच ओरडलं नाही. महाराज काटा शोधत राहिले.

आप्पा कॅरिअरवर बसले. पोराच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घातला. लांबून जत्रेचा ताशा ऐकू यायला लागला होता.

इंद्रजित हँडल धरून उभा. बोळ संपला की रस्ता फुटतो, एक जत्रेकडं, एक घराकडं. बराच वेळ तो दोन्हीकडं बघत राहिला. शेवटी वैतागून म्हणाला, “महाराज, एकदा तरी सरळ सांगा. जत्रेला जाऊ, का घरी?”

महाराज गडग्याला चिकटले. वाट मोकळी झाली.

“कुठंही जा... पण लेका, जोरात हाण!”