दहा हजारांतल्या चार चुका

“...पण उस्ताद, सही करू की नको, एवढंच सांगा ना!”

वृषभ शिरगुप्पे तिसऱ्यांदा हेच विचारत होता. मुजावर उस्ताद रांजणाच्या तोंडाला फडकं बांधत होते. गाठ नीट बसेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

मिरजेबाहेर माळावरचा हा लहानसा दर्गा. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यायचं, एवढं काम उस्तादांनी म्हातारपणी स्वतःकडे ठेवलं होतं. त्याआधी छत्तीस वर्षं ते विमानतळावर मेकॅनिक होते. त्यांच्या हाताखाली कितीतरी जण शिकले. सगळ्यांत वर चढला तो वृषभ. आज तो एका मोठ्या विमान कंपनीच्या देखभाल खात्याचा प्रमुख होता.

कापडाच्या दुकानात काही गिऱ्हाइकं वीस ठाणं उलगडायला लावतात, पण घ्यायचं कुठलं ते घरूनच ठरवून आलेली असतात. दुकानदाराने फक्त ‘छान दिसतंय’ म्हणायचं. वृषभचं आज तसंच होतं.

तरी जिवाला चैन नव्हतं. बसला. उठला. घड्याळ पाहिलं. अडीच. चारच्या आत फोनवरूनच सही करून द्यायची होती.

“पुन्हा एकदा सांग,” उस्ताद म्हणाले. “म्हाताऱ्याला कळेल असं.”

“उड्डाणाआधी आपला माणूस विमानाभोवती फेरी मारतो. टायर बघतो, पत्रा बघतो, कुठं झाकण राहिलंय का बघतो. तुम्हीच शिकवलंत. आता ते एआय करणार. आठ कॅमेरे, नव्वद सेकंद, की ‘विमान ठीक’. उद्या सकाळपासून बावीस विमानतळांवर फेरीला माणूस नाही.”

“आणि सही तुझी.”

“सही माझी.”

“मग घोडं अडलं कुठं?”

वृषभने पेला तोंडाला लावला, पण पाणी प्यायलाच नाही.

“गेल्या महिन्यात... नागपूरला. वेग मोजायच्या नळीवर झाकण तसंच राहिलं होतं. विमान तसंच उडालं असतं तर वैमानिकाला वेग कळला नसता. तुम्हाला काय सांगायचं! एआय म्हणालं, झाकण काढलेलं आहे. भिंगावर धुकं होतं उस्ताद, त्याला काही दिसतच नव्हतं. ‘दिसत नाही’ म्हणावं की नाही माणसानं? म्हणजे... त्यानं? तर नाही. रुबाबात म्हणालं, काढलंय.”

“मग?”

“मग काय, बनवणाऱ्यांनी दुरुस्त केलं म्हणे. आणि सगळ्याच मोठ्या कंपन्या घेतायत हो. विमानवाले, बँकावाले, झाडून सगळे. आम्ही काय बैलगाडी हाकायची?”

तेवढ्यात फोन वाजला. मुंबईचं ऑफिस. वृषभ फोन कानाला लावून येरझाऱ्या घालू लागला. “हो हो... देतो म्हटलं ना... चारच्या आत...”

उस्ताद उठले. लिंबाच्या झाडापलीकडे वीसेक पावलं गेले, वळले, अंग ताठ केलं आणि उजवा हात सरळ वर धरला.

विमान मागे ढकलताना त्याच्या पुढच्या चाकात एक पिन घालतात. तिला तांबडी फीत असते. ती तशीच राहिली तर वैमानिकाला चाक वळवता येत नाही. म्हणून पिन काढली की खालचा माणूस बाजूला उभा राहतो आणि फितीसकट ती उंच धरून दाखवतो. वैमानिक आतून अंगठा करतो. मग विमान हलतं. विमानतळावर वाढलेल्या माणसाला हे झोपेतून उठवलं तरी येतं.

वृषभने बोलता बोलता अंगठा वर केला.

उस्तादांनी हात खाली घेतला नाही. तसाच वर धरून एकेक पाऊल टाकत ते परत आले. वृषभने फोन ठेवला.

“काय दाखवलं मी तुला?”

“पिन...”

हात त्याच्या नाकासमोर आला. रिकामा.

वृषभचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. मग त्याने टाळीच वाजवली.

“हेच! हेच तर मी सगळ्यांना सांगतोय! तुमच्या हाताखाली अकरा वर्षं काढलेला मी, मी फसलो. माणसाच्या नजरेचा काय भरवसा? एआयला मध्येच फोन येत नाही. त्याचं बायकोशी भांडण होत नाही. त्याला डुलकी लागत नाही.”

“खरं आहे,” उस्ताद म्हणाले.

वृषभ वाद घालायच्या तयारीने आला होता. समोरचा लगेच ‘खरं’ म्हणाला तसा तो अडखळला. खाली बसला.

“चाचणीत किती चुकलं ते?”

“दहा हजार फेऱ्या. चुका चार. फक्त चार, उस्ताद!”

“चारच? आमच्यात इतकं धड कुणीच नव्हतं रे. मीसुद्धा नाही.”

“मग! तेच म्हणतोय मी.”

“नागपूरचं झाकण कुणाला दिसलं?”

“तिथल्या टिकेकरला. चाचणी होती ना, एआयच्या मागोमाग माणूसही फेरी मारत होता.”

“दुसरी चूक?”

“गोव्याला. मिनेझिसनं पकडली.”

“तिसरी?”

“हैदराबादच्या वसुंधराबाईंनी. टायरला चीर होती.”

“चौथी?”

“चौथी... परत टिकेकरच.”

“बरा दिसतो गडी. उद्या कुठं असेल तो?”

वृषभने फोन उघडला.

माळावर वारं सुटलं होतं. रांजणावरचं फडकं फडफडत होतं. फोनमधल्या कागदात खाली सहीची जागा होती आणि वर घरी बसायच्या माणसांची यादी. टिकेकरचं नाव पहिल्याच पानावर होतं. ती यादी वृषभनेच केली होती.

फोन पुन्हा थरथरला. त्याने उचलला नाही. खिशात टाकला, परत काढला, उलटा करून ओट्यावर ठेवला.

“चारच्या चारही...” तो पुटपुटला.

उस्तादांनी त्याच्या पेल्यातलं कोमट पाणी झाडाच्या बुंध्याला ओतलं आणि गार भरून दिलं.

“उस्ताद... म्हणजे सही करू नको म्हणता?”

“छे! कर की,” उस्ताद म्हणाले. “बिनघोर कर. उद्यापासून त्याची एकसुद्धा चूक सापडायची नाही.”