सूर्यवंशी पाणी

"आजपासून आमच्या अंघोळीच्या पाण्याखाली काडी पेटायची नाही! आम्ही सूर्यवंशी. आम्हांला सूर्याच्याच उष्णतेचं पाणी हवं. आणि पहाटे हवं, कढत!"

तांबडगडच्या अर्कसेन राजाने भर दरबारात हुकूम सोडला आणि नोकर एकमेकांची तोंडं बघू लागले. पौषातली थंडी! पहाटे सूर्य आणायचा कुठून?

प्रधानजींनी आठवण करून दिली, "महाराज, पाणी तापवणारा म्हादबा दिवाळीत तापाने गेला. त्याची बायको अजून न्हाणीघरामागच्या खोलीत राहते. नवा माणूस नेमला, की ती खोली रिकामी करावी लागेल."

"मी तापवतो!" मागून कुणीतरी ओरडलं. म्हादबाचा धाकटा भाऊ, केरू! ओरडून झाल्यावर त्याचा त्यालाच घाम फुटला.

राजा हसला. "संक्रांतीच्या पहाटे पाणी कढत निघालं, तर खोली तुझ्या वहिनीची. नाहीतर दोघांचंही चंबूगबाळं गडाखाली!"

घरी सगुणावहिनी कडाडली, "भावजी, तोंड उघडण्याआधी विचार करत जा! ते असते तर एक ठेवून दिली असती."

"दोन दिल्या असत्या," केरू म्हणाला. दोघंही हसली.

केरूने तांब्याचे हंडे काजळीने काळे केले आणि गच्चीवर उन्हात मांडले. दुपार कलताना पाणी चटका देई. पहाटे बघावं तर थंडगार! संतापून त्याने पागेमागच्या उकिरड्याला लाथ घातली. पाय घोट्यापर्यंत लिदीत रुतला.

"वहिनी! अहो, हा आतून तापलाय! वाफ बघा!"

मग त्याने थंड पाण्याचे हंडे उकिरड्यात पुरून पाहिले. पहाटेपर्यंत पाणी कसंबसं कोमट झालं. केरू डोकं धरून बसला.

वहिनी म्हणाली, "सूर्याला रात्र झेपत नाही आणि उकिरड्याला एवढं पाणी झेपत नाही. मग दोघांना जोडीला लावा की!"

संक्रांतीच्या आदल्या दिवशी हंडे दिवसभर उन्हात तापले. संध्याकाळी त्यांना गुंडाळायला केरूने दादाचं घोंगडं काढलं. त्याला अजून दादाच्या तंबाखूचा वास होता. केरूचा हात तिथेच थांबला. वहिनीने घोंगडं त्याच्या हातातून घेतलं आणि हंड्यांभोवती घट्ट आवळलं. गुंडाळलेले हंडे लिदीत पुरले गेले.

पहाटे न्हाणीघराच्या अंगणात राजाने हंड्यात हात घातला. "अयाई गं!" हात झटकन बाहेर!

"वाहवा!" लोक ओरडले. पण प्रधानजींनी नाक पुढे केलं. "महाराज, लिदीचा वास! रात्रभर हे हंडे उकिरड्यात होते. निम्मी उष्णता लिदीची. हुकूम मोडला!"

"खरं?" राजा गरजला.

"खरं, महाराज," केरू म्हणाला. वहिनीने डोळे मिटून घेतले. "पण एक विचारू? आपण सूर्याचे पुत्र का?"

"पुत्र नव्हे रे, वंशज! मधे शेकडो पिढ्या झाल्या."

"तरी सूर्यवंशीच?"

"म्हणजे काय! मधल्या पिढ्यांनी वंश तुटतो होय?"

"मग ही उष्णताही सूर्यवंशीच! सूर्यानं गवत वाढवलं, गवत आपल्या घोड्यांनी खाल्लं, घोड्यांनी लीद टाकली. अवघी तिसरी पिढी, महाराज! सूर्याला आपल्याहून जवळची!"

राजाने डोळे बारीक केले. "अरे चोरा, मग लाकूडही सूर्यवंशीच की!"

"आहेच, महाराज! पण काडी पेटवायला आपणच मनाई केलीत. मी हुकुमाबाहेर कसा जाऊ?"

राजा असा हसला, की पाटावरून घसरला! "खोली सगुणाबाईची, न्हाणीघर तुझं! आणि ही घे आमची भरजरी शाल."

केरूने शाल घेऊन वहिनीच्या हाती दिली. आपण दादाचं घोंगडं झटकलं आणि तसंच खांद्यावर टाकलं. घमघमाट अंगणभर पसरला. प्रधानजींनी घाईघाईने नाक दाबलं.

"नाक सोडा, प्रधानजी!" राजा ओरडला. "आमच्या घराण्यातलाच वास आहे!"