तीन दिवस गप्प राहिलेला वृक्षवैद्य

पूर्वी समुद्रकाठच्या रत्नपुर नगरात उग्रतेज नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका माळ्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव सुकेतू. त्याला झाडांची भाषा कळते असे लोक म्हणत. खरे तर तो फार बारकाईने पाहत असे, एवढेच. पान कोणत्या बाजूने पिवळे पडले, साल कुठे ओली लागते, मुळाला वास कसला येतो, हे पाहून तो झाडाचा रोग ओळखी. तिशी उलटण्याआधीच राजाने त्याला आपला वृक्षवैद्य नेमले आणि हस्तिदंती मुठीची एक सुरी दिली. सुकेतू ती कमरेला लावी, आणि लोकांना दिसेल अशी लावी.

नगरापासून नावेने एका दिवसाच्या वाटेवर मधुद्वीप नावाचे बेट होते. बेटावर भात होत नसे, केळी होत. केळीचे घड भरून नावा नगरात जात आणि परत येताना तांदूळ आणीत. त्यामुळे केळी गेली तर बेटावरची चूल विझणार, हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होते.

एका वर्षी बेटाच्या उत्तर टोकाला चार बनांत रोग दिसला. पानांनी माना टाकल्या. घड अवेळीच पिवळे पडले, पण केळे सोलावे तर आतला गर तांबडा-काळा, सडलेला. खोड कापले की पिवळसर चिकट पाणी गळे. बेटाचा कारभार पाहणारा द्वीपाध्यक्ष कामंद याने राजाला निरोप धाडला आणि राजाने सुकेतूला पाठवले.

सुकेतूने रोगट झाडे उभी-आडवी चिरून पाहिली. मग तो जमलेल्या लोकांना म्हणाला, "रोग केळफुलातून आत शिरतो. माश्या आजारी झाडाच्या फुलावर बसतात आणि त्याच निरोगी झाडाच्या फुलावर जातात. आजारी झाडे कंदासकट खणून काढा. निरोगी झाडाची शेवटची फणी धरली की खालचे फूल लगेच कापून टाका. माशीला बसायला जागाच ठेवू नका."

हे सगळे बरोबर होते. त्याने यापेक्षा अधिक काही केले नसते तर बेट वाचले असते.

पण लोकांना कापायचे कसे ते दाखवावे, म्हणून तो स्वतः निघाला. नऊ दिवसांत तो चाळीस बने फिरला. आजारी झाड दिसले की ते चिरून रोग दाखवी, आणि त्याच सुरीने शेजारच्या निरोगी झाडाचे फूल एका फटक्यात उडवी. लोक वाहवा करीत. त्याला ते आवडे.

पाचव्या दिवशी तो पूर्व किनाऱ्यावर भद्री नावाच्या विधवेच्या बनापाशी आला. भद्री कुंपणाच्या दारात उभी राहिली.

"वैद्यराज, फूल काढायला हवं हे खरं आहे. आम्हीही काढतो," ती म्हणाली. "पण लोखंड नका लावू. आमच्या घरात केळफूल हातानं पिळून मोडतात. उंच असलं तर दुबेळक्याच्या, दोन फाट्यांच्या काठीनं."

"का बरं?"

"सासूबाई सांगायच्या. त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलं होतं. का ते मला नाही ठाऊक."

"केळीला लोखंडाची भीती वाटत असेल," सुकेतू म्हणाला आणि हसला. तो हसला म्हणून मागे उभे असलेले सगळेच हसले. भद्रीने मान खाली घातली, पण ती दारातून हलली नाही. तिच्याशी वाद घालायला त्याला सवड नव्हती. तो पुढच्या बनात गेला.

दीड महिन्याने नगरात कामंदाचा दुसरा निरोप आला. रोग बेटभर पसरला होता. सुकेतू पुन्हा मधुद्वीपावर उतरला तेव्हा धक्क्यावर एकही घड नव्हता. रोहक नावाच्या शेतकऱ्याने त्याला आपल्या घरी उतरवून घेतले. रोहकाचे बन पुरते वाळले होते, तरीही.

कामंद म्हणाला, "कारण सापडलं आहे. त्या भद्रीने तुमचं ऐकलं नाही. तिचं बन जाळायचं आणि तिला बेटावरून घालवायचं, असं गावाने ठरवलं आहे. मी राजाची आज्ञा मागवली आहे."

"तिच्या बनात रोग किती आहे?"

"मुळीच नाही. म्हणूनच तर लोक म्हणतात, आपली पीडा तिने काहीतरी करून दुसऱ्यांवर घातली."

सुकेतू एकटाच बेट फिरायला निघाला. पहिल्या दिवशी ज्या बनांत तो गेला होता, ती समूळ गेली होती. चौथ्या दिवसाच्या बनांत अर्धी झाडे उभी होती. नवव्या दिवसाच्या बनांत पाने नुकती मलूल होऊ लागली होती. भद्रीचे बन हिरवेगार होते. खाडीपलीकडची दोन बनेही हिरवी होती. त्या वेळी भरती होती म्हणून तो तिकडे गेला नव्हता.

तो खाडीच्या काठावर खाली बसला. रोग ज्या वाटेने गेला होता ती त्याच्या पायांची वाट होती.

तरी त्याने मनाची समजूत घातली की अजून खात्री नाही. टेकडीच्या पायथ्याशी, सगळ्यांपासून लांब, तीन केळी आपोआप वाढलेल्या होत्या. एकीचे फूल त्याने हाताने मोडले. दुसरीचे सुरी विस्तवात लाल करून कापले. तिसरीचे, सुरी रोगट खोडात खुपसून मग कापले. सतरा दिवस तो रोज तिथे जाई. अठराव्या दिवशी तिसऱ्या केळीचे पान मोडल्यासारखे खाली लोंबत होते. दुसऱ्या दोघी ताठ होत्या.

त्याच दिवशी नगराहून नाव आली. राजाची आज्ञा मिळाली होती. चौथ्या दिवशी भद्रीचे बन जाळायचे ठरले.

सुकेतू तडक कामंदाकडे गेला आणि त्याने जे पाहिले ते सांगितले. कामंदाने दार लावून घेतले.

"हे आणखी कोणाला सांगितलंत?"

"नाही."

"मग सांगू नका. मी तुमच्यासाठी म्हणत नाही. उद्या दुसऱ्या बेटावर रोग आला आणि तुम्ही खरं औषध सांगितलंत, तरी कोण ऐकेल? वैद्यावरचा विश्वास एकदा उडाला की लोक तुमच्यासारख्या दहा वैद्यांना दारात उभं करणार नाहीत. लोखंड विस्तवात धरा, एवढं सांगा. का ते सांगू नका. आणि त्या बाईचं म्हणाल, तर तिला पलीकडच्या किनाऱ्यावर जागा देऊ."

बोलणे शहाणपणाचे वाटत होते. सुकेतूला ते शहाणपणाचे वाटावे असे हवे होते. तो गप्प राहिला.

पहिल्या दिवशी तो मनात म्हणाला, उद्या सांगेन. दुसऱ्या दिवशी तो भद्रीच्या बनावरून जाणारी वाट सोडून लांबच्या वाटेने गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी रोहकाने त्याच्यापुढे पान मांडले. रोहकाच्या घरात तांदूळ संपत आला होता; घरची माणसे आठवडाभर कंदमुळे उकडून खात होती. सुकेतूच्या पानावर मात्र भात होता.

"तुम्ही काय खाता?" सुकेतूने विचारले.

"आमचं काय, होतं कसंतरी," रोहक म्हणाला. "तुम्ही पोटभर जेवा. तुम्ही आहात म्हणून आम्हाला आशा आहे."

सुकेतूने तो भात खाल्ला. न खावा तर कारण सांगावे लागले असते. घास गिळताना त्याचे कान तापले, आणि हात धुताना त्याला रोहकाकडे वर पाहता आले नाही.

चौथ्या दिवशी सकाळी भद्रीच्या कुंपणाभोवती वाळलेल्या पानांचे ढीग रचले होते. सगळे बेट जमले होते. भद्री दारात बसली होती. तिच्याजवळ एक गाठोडे होते, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेले केळीचे चार मुनवे. ती कामंदाला विचारत होती, "एवढी रोपं बरोबर नेली तर चालतील ना?"

कामंदाने पेटती चूड हातात घेतली. तेव्हा सुकेतू पुढे झाला.

"थांबा. रोग हिने पसरवला नाही. मी पसरवला."

लोकांना वाटले, वैद्य दयेपोटी बोलत आहे. मग त्याने कमरेची सुरी काढून त्यांच्यापुढे धरली. आजारी खोड चिरून तीच सुरी निरोगी झाडाला कशी लावली, ज्या दिवशी तो जिथे गेला तिथे त्याच क्रमाने रोग कसा आला, टेकडीखालच्या तीन केळींचे काय झाले, हे त्याने एक एक करून सांगितले. कुठेही 'मला ठाऊक नव्हते' असे तो म्हणाला नाही. ते खरे होते, पण त्याला तसे म्हणायची लाज वाटली. शेवटी तो म्हणाला, "या बाईने मला दारातच अडवलं होतं. मी हसलो. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात."

मग रोहकाने विचारले, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"तीन दिवस झाले."

"तीन दिवस तुम्ही माझ्या घरी जेवत होतात."

"हो."

रोहकाने त्याला शिवी दिली असती तर बरे झाले असते. पण तो वळला आणि घराकडे चालू लागला. त्याच्यामागून आणखी काही जण गेले. कामंदाने चूड वाळूत विझवली आणि तोही गेला. सुकेतू मान खाली घालून उभा राहिला.

भद्री उठली. "वैद्यराज, लाज तुमची तुमच्यापाशी राहू द्या," ती म्हणाली. "उरलेल्या झाडांचं काय करायचं ते सांगा. लोक अजून उभे आहेत."

तेव्हा त्याने सांगितले. केळफुलाला लोखंड लावू नका, हाताने किंवा काठीने मोडा. पान, घड कापताना कोयता प्रत्येक झाडामागे विस्तवात धरा. रोगट बनातले मुनवे दुसरीकडे लावू नका. तिथून आलात तर पाय धुतल्याशिवाय दुसऱ्या बनात शिरू नका. "आणि मी सांगतो म्हणून करू नका," तो म्हणाला. "टेकडीखाली जाऊन पाहा. भद्रीबाईंचं बन पाहा. मला काही सुचलं तर तेही आधी एका झाडावर करून पाहा."

त्यानंतर तो नगरात गेला आणि भर दरबारात राजाला हेच सारे सांगितले. तीन दिवसही सांगितले.

राजा म्हणाला, "तू बोलला नसतास तर मला हे कधीच कळलं नसतं."

"महाराज, मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून तर तीन दिवस गेले."

राजाने विचारले, "तुला कोणती शिक्षा द्यावी?" सुकेतूने वैद्यपद परत केले. नवी केळी येईपर्यंत बेटाला राजाच्या कोठारातून तांदूळ मिळावा आणि आपल्याला तिथे मजूर म्हणून राहू द्यावे, एवढे त्याने मागितले. राजाने दोन्ही मान्य केले.

सुकेतू सात वर्षे मधुद्वीपावर राहिला. मेलेल्या बनांतले कंद त्याने खणून काढले, जाळले, जमीन उन्हात तापत ठेवली. जमीन पुन्हा लावण्याजोगी झाल्यावर भद्रीने आपल्या बनातले मुनवे ज्याला हवे त्याला दिले. ज्यांनी तिच्या कुंपणाला पाने रचली होती त्यांनाही दिले. सर्वांत आधी सुकेतूने रोहकाचे बन खणायला घेतले होते. रोहक ओट्यावर बसून पाहत असे. तो एक शब्दही बोलत नसे. तिसऱ्या वर्षी एका उन्हाच्या दुपारी रोहकाने पाण्याचा तांब्या आणून बांधावर ठेवला आणि तो परत गेला. सुकेतू पाणी प्यायला आणि त्याने तांब्या घासून ओट्यावर नेऊन ठेवला. त्या दोघांत पुढे कधी बोलणे झाले, असे बेटावर कोणी सांगत नाही.

शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही गोष्ट विहारात भिक्षुसंघाला सांगितली. त्या दिवसांत कुंभदत्त नावाचा भिक्षू आजाऱ्यांची शुश्रूषा करीत असे. त्याने एका वृद्ध भिक्षूला चुकीचा काढा दिला होता. भिक्षू दगावता दगावता वाचला. वनौषधी देणाऱ्या सुजाली नावाच्या उपासिकेनेच भलती मुळी दिली असेल, असे लोक बोलू लागले. आणि कुंभदत्त ते ऐकून गप्प बसला होता.

गोष्ट संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे आपले हे वृद्ध भिक्षू, जे काढा पिऊन आजारी पडले. भद्री म्हणजे उपासिका सुजाली. कामंद आज या सभेत नाही. ते तीन दिवस गप्प राहिलेला वैद्य मीच होतो." मग ते कुंभदत्ताकडे वळले. "आणि ज्याच्या घरचा शेवटचा भात मी मान खाली घालून खाल्ला, तो रोहक म्हणजे, कुंभदत्ता, तू होतास."

कुंभदत्ताचा चेहरा काळवंडला. तो उठला, त्याने संघासमोर हात जोडले आणि काढा आपणच चुकवला हे मोठ्याने सांगितले. मग तो सुजालीच्या घराकडे निघाला. त्याला कोणी अडवले नाही, कोणी सोबतही गेले नाही.

शास्ते म्हणाले, "आपल्या हातून झालेल्या वाइटाची लाज वाटणे आणि ती लाज झाकायला दुसऱ्याला पुढे न करणे, याला ह्री म्हणतात. त्या जन्मी बोधिसत्त्वाने ती साधली. उशिरा साधली."