डोंगर गप्प झाला

या, पांघरुणात पाय घ्या. हं, ऐका. फार फार वर्षांमागची गोष्ट. भगवान बुद्ध होऊन गेले होते, आणि त्यांचे भिक्खू त्यांचं सांगणं गावोगाव नेत होते. तेव्हा पुस्तकं नव्हती बरं का. सगळं तोंडपाठ. गुरूनं म्हणायचं, शिष्यानं ऐकून म्हणायचं.

आपल्या सह्याद्रीतल्या एका घाटावर, कातळात कोरलेल्या लेण्यात असेच काही भिक्खू राहायचे. त्यांत एक होता सिरिगुत्त. त्याचा आवाज असा गोड, की घाट चढणारे व्यापारी बैल थांबवून ऐकत उभे राहायचे. आणि गंमत म्हणजे, तो एक ओळ म्हणायचा की समोरचा डोंगर तीच ओळ परत म्हणायचा. अगदी स्पष्ट, म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात.

एका पौर्णिमेला लेणं माणसांनी भरून गेलं. सिरिगुत्त म्हणत होता, म्हणत होता, आणि मधेच एक ओळ विसरला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघतायत. आता काय करायचं? समोर एक व्यापारी दानाची भली मोठी टोपली घेऊन बसला होता. सिरिगुत्तानं तिच्याकडे पाहिलं आणि मनानंच ओळ जुळवली, ‘दान आणील त्यानं पुढं बसावं.’

डोंगर ती ओळ काही बोलला नाही. लोकांना वाटलं, वारा फिरला असेल.

मग लोक पांगल्यावर मित्तक नावाचा भिक्खू जवळ आला. तो सिरिगुत्ताचा जिवाभावाचा मित्र. दोघं एकाच गुरूकडे शिकलेले. तो हळूच म्हणाला, “आयुष्मान, ती ओळ आपल्याला गुरूंनी शिकवलेली नाही.”

सिरिगुत्तानं तेव्हा हो म्हणायचं ना? नाही म्हणाला. सगळ्या भिक्खूंसमोर म्हणाला, “मित्तकाला माझा आवाज सहन होत नाही. म्हणून खोटं काढतोय.”

सगळ्यांना ते खरं वाटलं. आवाजच तसा होता ना! मित्तकानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग भिक्षापात्र उचललं आणि घाट उतरून निघून गेला.

पुढच्या वेळी सिरिगुत्तानं तीच ओळ छाती फुटेस्तोवर ओरडून म्हटली. डोंगर गप्प. त्याच्या पुढच्या वेळी त्यानं ती ओळ गाळूनच टाकली. मग काय झालं असेल? डोंगर एकही ओळ बोलेना.

मग एकदा तो गावात भिक्षेला गेला. दारात सामा म्हातारी बसलेली. ती कानानं अधू, म्हणून लेण्यात नेहमी अगदी पुढं बसायची.

“आजी, हल्ली येत नाहीस?” त्यानं विचारलं.

“भंते, तुम्हीच म्हणालात ना, दान आणील त्यानं पुढं बसावं? मागून मला ऐकू येत नाही हो. आणि चुकलं माझंच. इतकी वर्षं रिकाम्या हातानं पुढं बसत होते. रागावू नका.”

असं म्हणून तिनं घरात होती ती अर्धी भाकर त्याच्या पात्रात घातली.

चूक त्याची, आणि माफी मागत होती ती! ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्याला तिच्याकडे मान वर करून बघवेना.

मग तो लेण्यात परत गेलाच नाही. मित्तक कुठं गेला ते विचारत विचारत घाट उतरला, पार खाडीपर्यंत गेला. तिथं कोळ्यांच्या वाडीत मित्तक सापडला. काय बोलायचं ते सिरिगुत्तानं वाटभर ठरवलं होतं. पण ते सगळं बाजूला ठेवून त्यानं मित्तकाच्या पायांवर डोकं ठेवलं.

“ओळ आठवली?” मित्तकानं विचारलं.

“नाही. आणि आठवत नाही, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.”

मित्तकानं त्याला उठवलं. मग म्हणाला, “चल, आता सगळ्यांना सांग.”

दोघं लेण्यात परतले. पौर्णिमेला भिक्खू एकत्र बसून आपापल्या चुका सांगायचे, अशी रीत होती. सिरिगुत्त म्हणाला, मला सगळ्या गावासमोर सांगू द्या. लोक जमले, सामाही आली. तो उभा राहिला, आणि त्याचा तो आवाज अगदी फाटका निघाला.

“ओळ मी विसरलो. खोटी मी जुळवली. मित्तक खरं बोलला, आणि मी त्याला घालवला. सामाआजी, चूक तुझी नव्हती.”

आणि तो जाऊन सगळ्यांच्या मागं, दाराशी बसला. मग मित्तकानं खरी ओळ म्हटली, ‘इथं कुणी पुढचा नाही, कुणी मागचा नाही.’

डोंगर क्षणभर थांबला. मग त्यानं ती ओळ म्हटली, अशी मोठ्यानं, की सामालासुद्धा स्वच्छ ऐकू आली.

सिरिगुत्त पुढंही पुष्कळ वर्षं म्हणत राहिला. पण त्या ओळीपाशी आला की दर वेळी त्याचे कान लाल व्हायचे, आवाज खाली यायचा. लोकांना कळायचं. पण कुणी हसायचं नाही, आणि मित्तक शेजारी बसून ती ओळ त्याच्याबरोबर म्हणायचा. असे ते दोघं म्हातारे होईतो सुखानं राहिले.

निजा आता. दिवा मालवते मी.