उरलेल्या गोळ्यांचा डबा

"बाबा, उतरलेला ताप परत कसा येतो?"

हर्षद फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला होता. विद्यापीठाच्या होस्टेलवर पोरं त्याला डॉक्टर म्हणत आणि स्वारी खूश होई. टेकडीवरच्या मठातले निर्मळगिरी बाबा त्याला हर्ष्या म्हणत. तेही त्याला मनापासून आवडे.

बाबा मेथी काढून झालेल्या वाफ्याशी बसले होते. "कुणाचा ताप?"

"सतेजचा. माझ्या खोलीतला."

"औषध कुणी दिलं?"

हर्षदने पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला. होस्टेलवर ज्याच्या ज्याच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरत, तो त्या या डब्यात आणून टाकी. डबा हर्षदच्या ताब्यात.

"मीच. दोन दिवसांत ताप पळाला. म्हटलं, आता काही नाही तुला, गोळ्या बंद. उरलेल्या परत डब्यात ठेवल्या." त्याने झाकण लावलं. "आज यातली जालीम गोळी देतो. तुमचा आशीर्वाद असू द्या."

बाबांनी डबा घेऊन बाजूला ठेवला.

"आशीर्वाद देतो. आधी या वाफ्यात माजलेला एवढा लव्हाळा काढ."

हर्षद हौसेने बसला. सरसर उपटत गेला. काही काड्या अलगद हातात आल्या, काही वरच्यावर तुटल्या. थोड्याच वेळात वाफा स्वच्छ दिसू लागला आणि तो हात झटकत उठला.

बाबांनी झारी उचलली आणि त्या मोकळ्या मातीवर पाणी घालू लागले.

"बाबा, पाणी कशाला? आता काही नाही तिथं."

"सतेजलाही असंच म्हणालास ना?"



हर्षदने गुडघ्यावर बसून बोटाने माती उकरली. खाली लव्हाळ्याच्या काळ्या गाठी जागच्या जागी होत्या.

"सहज निघाला तेवढाच निघाला," तो हळूच म्हणाला. "चिवट होता तो राहिला."



सतेज सकाळपासून पांघरुणात कुडकुडत होता, आणि तरी "तू आहेस ना" म्हणत होता. हर्षदने मातीच्या हातानेच फोन लावला. "सतेज, चप्पल घाल. मी आलोच. दवाखान्यात जायचंय... नाही, डब्यातली गोळी नको आता. डबा माझ्याकडेच आहे."

तो उठला, पण पाय निघेना.

"बाबा... पोरं मला डॉक्टर म्हणतात हो."

बाबा हसले. आपल्या उपरण्याने त्यांनी त्याचे हात पुसले, एकेक बोट धरून, लहान मुलाचे पुसावेत तसे. मग डबा उचलून त्याच्या हातात दिला.

"हा बरोबर ने. गोळ्या कुणी दिल्या, असं डॉक्टर विचारतील. तेव्हा सतेजच्या मागे उभा राहू नकोस."